पुंगळीवरची रेघ

हाल्वर लिंडसेथने १९७३ च्या हिवाळ्यात सहा रायफली केल्या आणि सहाच्या सहा चुकल्या. त्यातली एक माझी होती, म्हणून मला हे सगळं जवळून माहीत आहे.

बिटर फोर्कमध्ये माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून हाल्वरचं वर्कशॉप होतं. पंचवीस वर्षं मी त्याच्या लेथची घरघर ऐकत खिळे आणि कुंपणाची तार विकली. तो तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता. उंच, वाकलेला, बोलायला कंजूष. त्याच्याकडून रायफल करून घ्यायला माँटानाच्या चारी कोपऱ्यांतून लोक यायचे आणि दोन-दोन वर्षं नंबर लावून थांबायचे, कारण त्याचं स्वतःचं एक काडतूस होतं.

म्हणजे काडतूस तो विकत नव्हता. रायफलीच्या नळीत काडतूस बसतं ते चेंबर तो असं कापायचा की दुकानात मिळणाऱ्या साध्या तीस-झिरो-सिक्स काडतुसापेक्षा ते थोडं मोठं असायचं. भिंती जास्त सरळ, तोंडाकडे निमुळता होणारा खांदा जास्त उभा. त्या मापाचं काडतूस कुठेच विकत मिळत नाही, ते ज्याचं त्याने बनवायचं. साधं काडतूस त्या मोठ्या चेंबरमध्ये घालायचं आणि झाडायचं. आतल्या दाबाने पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतींना जाऊन भिडतं, आणि बाहेर येते ती नव्या आकाराची पुंगळी. याला आम्ही पुंगळी फुलवणं म्हणतो. मग तीच पुंगळी बार पेटवणारी नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी घालून पुन्हा पुन्हा भरायची. थंडीत आमचं अर्धं गाव तळघरात हेच करत बसलेलं असतं.

यात सांभाळायची गोष्ट एकच. साधं काडतूस मोठ्या चेंबरमध्ये लांबीला सैल बसता कामा नये. चेंबर मागून बंद करणारा बोल्ट लावताना शेवटी हाताला किंचित अडल्यासारखं लागायला हवं. सैल राहिलं तर बार उडताना पुंगळीचं पुढचं अंग चेंबरला धरून बसतं, बूड मागे सरकतं, आणि मधलं पितळ ताणलं जातं. बाहेरून दिसते ती फक्त बुडाच्या वरच्या बाजूला एक चकचकीत रेघ. आणखी दोन-चार वेळा भरली की पुंगळी त्याच रेघेवर तुटते, आणि पेटता वायू मागे झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो.

सप्टेंबरात एका मंगळवारी कोरीन टकर हाल्वरकडे आली. ती काउंटीची नर्स. रँचारँचांवर जाऊन पोरांना लसी टोचायची, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघायची. वय चव्वेचाळीस. दरवर्षी एक एल्क, म्हणजे घोड्याएवढं रानहरीण, मारून त्याच्या मटणावर तिचा आणि तिच्या आईचा हिवाळा निघायचा. सहा रायफलींतली एक तिची. मी तेव्हा हाल्वरकडे माझी कानस परत मागायला गेलो होतो.

तिने अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे बेंचवर ठेवला.

"अंडी नकोत मला," हाल्वर म्हणाला. "एल्डनच्या कोंबड्या पुरे आहेत." एल्डन म्हणजे मी.

"उघडून तर बघा."

आत अंड्यांच्या खळग्यांतून पुंगळ्या होत्या. करवतीने उभ्या चिरलेल्या, एकेक अर्धी. प्रत्येकीखाली चिकटपट्टीवर तारीख आणि नंबर. आतल्या बाजूला, बुडापासून बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतरावर, प्रत्येकीत एक खाच दिसत होती. एका खळग्यात नुसतं बूडच होतं.

"ही गेल्या रविवारी तुटली," कोरीन म्हणाली. "तिसऱ्यांदा भरलेली. पुढचा तुकडा चेंबरमध्येच अडकला. माझ्या गालाला गरम वारा लागला. चष्मा होता म्हणून बरं."

हाल्वरने बूड उचललं, डाव्या डोळ्याजवळ नेलं आणि खाली ठेवलं.

"फुलवल्या कशाने?"

"पहिल्या बारा मक्याच्या रव्याने."

माझ्याकडे बघून हाल्वर हसला. तशी एक पद्धत आहे. गोळी वाया घालवायची नसेल तर थोडीशी दारू, वर मक्याचा रवा, तोंडाला मेणाचं बूच, आणि आकाशाकडे तोंड करून बार. सगळीकडे जळक्या रव्याचा वास सुटतो. हाल्वरला ती पद्धत आवडत नसे.

"मग नाश्ता करायचास ना त्याचा," तो म्हणाला. "रायफल कशाला खराब केलीस?"

"बाकीच्या बारा दुकानातल्या तयार काडतुसांनी फुलवल्यात. काही न बदलता, खोक्यातून काढली तशी. उजवीकडची रांग. खाच त्यांच्यात जास्त खोल आहे." तिने खिशातून वही काढली. "आणि बोल्ट कुठेच अडत नाही. पहिल्या दिवसापासून मी लिहून ठेवलंय. रिकामं चेंबर असावं तसा बंद होतो."

"दारू जास्त भरतेस."

"तयार काडतुसात मी काय भरणार, मिस्टर लिंडसेथ?"

"मग पितळ वाईट आलं असेल. असतो एखादा लॉट."

"तीन वेगवेगळे लॉट आहेत. हे बघा, लिहिलंय."

हाल्वरने वही हातात घेतली नाही. तो लेथकडे वळला आणि पाठमोराच म्हणाला, "मी एकोणीसशे एकावन्नपासून ही चेंबरं कापतोय. माझी रायफल लसीची सुई नाही, बाई. बस जाऊन आणि नीट भरायला शीक."

कोरीनचा चेहरा लाल झाला. पण आवाज चढवणारी ती नव्हतीच. "ट्रे इथेच ठेवते," ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर आठ-दहा दिवस लेथचा आवाज तुटक झाला. सुरू व्हायचा, मधेच बंद पडायचा. ट्रे बेंचवर होता तिथेच होता. मी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला विचारायचंच नव्हतं. माझ्या तळघरात त्याच रायफलीच्या चाळीस पुंगळ्या होत्या, आणि बोल्ट अडतो की नाही हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. नवी कोरी रायफल गुळगुळीत चालते म्हणून उलट मी खूश होतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी तो दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत रंगाच्या डब्यांपाशी उभा राहिला.

"तुझी रायफल दोन तास दे," तो म्हणाला. "आणि तूही चल. गाडी तू चालव."

आम्ही गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेलो. हाल्वरने माझी रायफल जुन्या टायरवर दोरखंडाने बांधली, चापाला लांब दोरी लावली, आणि आम्ही पिकअपच्या मागे उभे राहिलो. माझ्या खोक्यातलं साधं काडतूस त्याने स्वतः घातलं. बोल्ट बंद करताना त्याने डोळे मिटले होते. एकदा बंद केला, उघडला, परत बंद केला. मग तो माझ्याजवळ आला आणि दोरी ओढली.

तीन बार झाले. तिसऱ्याची पुंगळी त्याने हातरुमालात घेतली. आकार सुरेख फुलला होता, खांदा ताठ, कडा स्वच्छ. त्याने ती मला दिली.

"काय दिसतंय?"

"रेघ आहे," मी म्हणालो. "बुडाच्या वर. सगळीकडून."

त्याने खिशातून टोक वाकवलेली तार काढली, पुंगळीच्या तोंडातून आत घातली आणि भिंतीवरून हळूहळू वर ओढत आणली. एका जागी तार अडली. त्याने पुन्हा तेच केलं. पुन्हा अडली. बाकीच्या दोन पुंगळ्यांतही अडली. मग तो पिकअपच्या मागच्या फळीवर बसला आणि तिन्ही पुंगळ्या रुमालात बांधल्या.

परत आल्यावर त्याने लाकडी पेटीतून पोलादाचे दोन छोटे गेज काढले. चेंबर किती खोल कापायचं ते या गेजवरून ठरतं. एक आखूड. त्याच्यावर बोल्ट किंचित अडून बंद व्हायला हवा. दुसरा लांब. त्याच्यावर बोल्ट बंद होताच कामा नये. दोघांत फरक वर्तमानपत्राच्या दोन-तीन पानांच्या जाडीइतका. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच, ओळखायचे ते बारीक कोरलेल्या आकड्यांवरून.

"हा मी गेल्या हिवाळ्यात वापरला," त्याने त्यातला एक माझ्या तळहातावर ठेवला. "लेथजवळच्या कप्प्यात होता. शेवटचे दोन आकडे वाच."

मी खिडकीशी जाऊन वाचले.

"परत वाच."

मी परत वाचले. तो लांब गेज होता, म्हणजे सहाही चेंबरं जास्त खोल कापली गेली होती.

हाल्वरने मान हलवली. गेज घेतला, तेलाच्या फडक्याने पुसला, पेटीत ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या तळघरातल्या पुंगळ्या फेकून दे. आजच. एकही ठेवू नकोस."

दुपारी तो चालत कोरीनच्या घरी गेला. मी तिथे नव्हतो. तिनेच नंतर सांगितलं. ती अंगणात लाकडं रचत होती. हाल्वर फाटकाशी थांबला, टोपी काढली आणि म्हणाला, "तुझं बरोबर होतं. गेज चुकला. चूक माझी." ती म्हणाली, "या, कॉफी घ्या." तो म्हणाला, "कॉफी नको. मला तुझे डोळे लागतील."

काम असं होतं: प्रत्येक रायफलीची नळी सोडवायची, एक आटा मागे घ्यायची, चेंबर पुन्हा कापायचं. रायफली सहा, आणि शिकारीचा हंगाम तीन आठवड्यांवर. हात त्याचे अजून पक्के होते. पण मायक्रोमीटरवरची रेषा त्याला दिसत नव्हती, आणि आता ते त्याने कबूल केलं होतं. कोरीन ड्यूटी संपवून पाच वाजता यायची, गणवेशावरच एप्रन बांधायची आणि लेथजवळच्या स्टुलावर बसून मापं वाचायची.

"किती?"

"अजून चार."

"चार काय? इंचाचे हजारांश?"

"मग काय, अख्खे इंच?"

"उद्धटपणा नको."

"तुम्हीच शिकवलात."

भिंतीपलीकडून मला हे ऐकू यायचं. तिने तिथेच त्याचे डोळे तपासले. तिच्याकडचा अक्षरांचा तक्ता तिने ड्रिलमशीनवर टांगला होता. उजव्या डोळ्याने त्याला सर्वांत वरचं अक्षरही धड दिसलं नाही. "मोतीबिंदू आहे," ती म्हणाली. "मिसूलाला जाऊन काढून घ्या." तो म्हणाला, "आधी रायफली."

बाकीच्या चार मालकांना त्याने माझ्या दुकानातून फोन केले. प्रत्येकाला तेच सांगितलं, त्याच शब्दांत: "मी हाल्वर लिंडसेथ. तुझं चेंबर मी चुकीचं कापलंय. झाडू नकोस. भरलेली काडतुसं मोडून टाक आणि रायफल घेऊन ये." कुणाला कारण हवं असलं तर कारण सांगायचा. ब्यूट गावचा एक जण खूप बोलला. हाल्वर रिसीव्हर कानाला लावून सगळं ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "खरं आहे. गुरुवारी आण."

तिघांनी रायफली आणल्या किंवा पाठवल्या, चौथी कोरीनची, पाचवी माझी. सहावा डेल प्रुइट. तो दोनशे मैल पूर्वेला, सेज क्रॉसिंगला राहायचा. फोनवर त्याने सरळ नाही म्हटलं. त्याच रायफलीने त्याने आठवड्यापूर्वी चारशे यार्डांवरून प्राँगहॉर्न हरीण पाडलं होतं.

"त्याच्याकडे गेलं पाहिजे," हाल्वर म्हणाला.

हंगामाच्या आधीच्या मंगळवारी आम्ही निघालो. त्याने त्याची स्वतःची रायफल घोंगडीत गुंडाळून सीटच्या मागे ठेवली होती. ती कशाला, असं मी विचारलं नाही. एकावन्न साली स्वतःसाठी केलेली, पहिली. तिच्या अक्रोडाच्या दस्त्यावर त्याच्या गालाच्या जागी लाकूड काळं पडलं होतं.

लुईसटाउन मागे पडल्यावर तो बोलायला लागला.

"मला माहीत होतं, एल्डन."

"काय?"

"डोळ्याचं. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून. दिव्याभोवती कडं दिसायचं. आकडे पुसट. मला वाटलं, हाताला कळतंय ना, मग झालं. कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी नंबर काढून घेतले असते." त्याने बाजूची काच वर केली. "ती पोरगी ट्रे घेऊन आली ना, मला त्याच मिनिटाला कळलं. खाचा दिसल्या नाहीत मला. तिच्या आवाजावरून कळलं. तरी तिला हाकललं मी."

मी माझ्या चाळीस पुंगळ्यांचा विचार करत होतो, आणि माझ्या तोंडाचा.

डेल प्रुइट पस्तिशीचा, जाडजूड, आनंदी माणूस. गोठ्यापाशी गाडीखाली पडून काहीतरी घट्ट करत होता. बाहेर आला, हात पुसले, आणि हाल्वरचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"मी काही भरत-बिरत नाही," तो म्हणाला. "माझा मेहुणा भरतो."

"मग त्याचं तोंड भाजेल."

"त्याला फरक पडायचा नाही. आधीच कुठे देखणा आहे."

हाल्वर हसला नाही. "मला आठ दिवस दे. नीट करून आणून देतो."

"रविवारी हंगाम उघडतोय, म्हातारबा. आठ दिवस मी काय दगड मारू हरणांना? बघ, तुझ्या कामाला मी नावं ठेवत नाही. फार सुंदर चालते ती. मी लिहून देतो हवं तर, काही झालं तर माझं मी बघीन."

"लिहून देऊन पितळ जाड होत नाही."

"नाही म्हटलं ना."

हाल्वर गाडीकडे गेला. घोंगडी घेऊन आला आणि बॉनेटवर उलगडली. डेलने रायफल पाहिली आणि त्याचे हात आपोआप पँटला पुसले गेले.

"ही तुझी?"

"माझी होती. हीच धर आणि तुझी मला दे."

"किती दिवसांसाठी?"

"दिवस नाहीत. तुझीच झाली."

डेलने माझ्याकडे पाहिलं, मी थांबवीन अशा आशेने बहुतेक. मी रस्त्याकडे बघत होतो. "तुझं डोकं ठिकाणावर नाही," तो हाल्वरला म्हणाला. पण रायफल उचलून खांद्याला लावली, आणि ती त्याच्यासाठीच केल्यासारखी बसली. तो आत गेला आणि आपली घेऊन आला. तिच्या दस्त्यावर त्याने चकचकीत वार्निश फासलं होतं आणि एक हरीण कोरलं होतं, ज्याची शिंगं हरणापेक्षा मोठी होती.

"हे मी केलंय," तो म्हणाला.

"दिसतंय," हाल्वर म्हणाला.

परतीच्या वाटेवर आम्ही एका ढाब्यासारख्या कॅफेत खिम्याचा मीटलोफ खाल्ला. त्याने वर गोड म्हणून ॲपल पाय मागवला आणि तोही संपवला.

रायफली शनिवारपर्यंत झाल्या. शेवटची कोरीनची होती. तिच्यासमोरच त्याने नवं साधं काडतूस घातलं आणि तिला बोल्ट लावायला सांगितलं. तिने लावला. शेवटी हात किंचित अडला.

"अडला," ती म्हणाली.

"मग घरी जा," तो म्हणाला. "मला झोप आलीय."

त्या हंगामात हाल्वर आमच्याबरोबर एल्कच्या कॅम्पवर आला, पण झाडायला गेला नाही. तंबूत बसून बटाटे सोलायचा, लाकूड फोडायचा. कोरीनने चौथ्या दिवशी मादी पाडली. मी काहीच पाडलं नाही. माझा नेम चुकला, आणि त्या वेळी चूक रायफलीची नव्हती.

फेब्रुवारीत मिसूलाला त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला. त्यातून त्याचे डोळे घुबडासारखे दिसायचे आणि पोरं हसायची. आता त्याला आकडे दिसत होते. तरीही त्याने नवीन चेंबर एकही कापलं नाही. नंबर लावून थांबलेल्या नऊ जणांना पत्रं पाठवली. त्यानंतर फक्त दस्ते बनवायचा, तुटलेले चाप दुरुस्त करायचा, आणि कोरीनला दर महिन्याला ब्लडप्रेशर मोजू द्यायचा. एकदा मी विचारलं, आता का नाही करत. "करता येईल," तो म्हणाला, आणि पॉलिश पेपर घासत राहिला.

जुलैत डेल प्रुइट आला. हाल्वरची रायफल आणि मेहुण्याने भरलेल्या पुंगळ्यांचा डबा घेऊन.

"बसतच नाहीत," तो म्हणाला. "बोल्ट बंद होत नाही. तुझी पहिली बरी होती. बदलून दे."

"या पुंगळ्या त्या चेंबरमध्ये फुलल्यात," हाल्वर म्हणाला. "लांब झाल्यात. या चेंबरमध्ये कशा जातील? आणि मोडून टाक म्हणून सांगितलं होतं ना मी तुला?"

"मेहुण्याला वाईट वाटलं असतं."

"तुझी आता नीट केलीय मी. हवी असेल तर ती घेऊन जा आणि माझी इथे ठेवून जा."

डेलने दोन्ही रायफली बेंचवर शेजारी शेजारी पाहिल्या. हरणाच्या शिंगांवरून अंगठा फिरवला. मग त्या अक्रोडाच्या काळ्या डागावरून फिरवला. खूप वेळ लावला त्याने.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "हिची सवय झालीय मला."

हाल्वरने मान हलवली. त्याने डब्यातल्या काडतुसांतली गोळी आणि दारू काढून टाकली, मग पुंगळ्या वाइसच्या जबड्यात धरून एकेक चेपल्या, पन्नासच्या पन्नास, आणि डेल कण्हत बघत राहिला. मग हाल्वरने माझ्या दुकानातून साध्या काडतुसांचे वीस-वीसचे दोन खोके उचलले.

"चल," तो डेलला म्हणाला. "नवीन फुलवून देतो. दुपारपर्यंत होतील."

ते दोघं खाणीकडे गेले. अधूनमधून बार ऐकू येत होते, मधे बराच वेळ जायचा, कारण प्रत्येक पुंगळी हाल्वर चष्म्यासमोर धरून फिरवून बघत असणार. चाळिसावा बार झाला तेव्हा पावणेदोन वाजले होते. मी दुकान तासभर बंद केलं आणि त्यांच्यासाठी सँडविच घेऊन गेलो.